फ्रिजमागचा ट्रे

नाशिक, भाद्रपद

प्रिय सुध्या,

फोन उचलले नाहीत म्हणून फुगू नकोस. डेंग्यू झाला होता. ताप गेला, सांधे अजून कुरकुरतात, आणि हिने पपईच्या पानांचा रस पाजून पाजून जीव नकोसा केलाय.

खरी फजिती पुढेच. महापालिकेच्या ताई अळ्या शोधायला आल्या. "सर, फ्रिज सरकवा." मागचा ट्रे ओढून बॅटरी मारली, तर अळ्या शेपटीने पाण्याला लटकलेल्या, डोकी खाली! उजेड पडताच वळवळत तळाला. आणि मी बी. एस्सी.च्या पोरांना साथींचं गणित शिकवतो.

तू विचारायचास ना, हे गणित कुणाच्या कामाचं? रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरला 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. डास हटवा म्हटलं की लोक म्हणत, सगळे डास मारणार कोण? त्याने समीकरणं मांडून दाखवलं की सगळे मारायची गरजच नाही. माणसामागे डास एका मर्यादेखाली आले की मलेरिया आपोआप विझतो.

पुढे 1927 मध्ये केरमॅक आणि मॅकेंड्रिक या शास्त्रज्ञांनी साथीचं समीकरण मांडलं, आणि ते ताडून पाहायला घेतले मुंबईतल्या 1905-06 च्या प्लेगचे मृत्यू. आपल्या पणज्या गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिल्या, तोच प्लेग. समीकरणाची रेघ आकड्यांवर झकास बसली. गंमत म्हणजे प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे, आणि समीकरणात ना उंदीर, ना पिसू! म्हणून पोरांना बजावतो, रेघ जुळली म्हणून कारण जुळलं असं समजू नका. मॉडेलला, म्हणजे अशा समीकरणाला, भविष्य विचारू नये. 'अमुक केलं तर काय होईल' एवढंच विचारावं.

डेंग्यूबद्दल तसंच विचारलं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, साठलेलं सगळं पाणी ओतून टाकायचा. पोरांनी एक्सेलमध्ये आठवड्याचा पंधरवडा केला आणि रुग्णांची रेघ ताडकन वर गेली. धूरफवारणीची गाडी मात्र संध्याकाळी रस्त्यावरून जाते, आणि दिवसा चावणारा हा डास घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसलेला. पण धूर दिसतो ना! गल्लीत गाडी आली की सगळे खूश. ट्रे ओतणाऱ्या ताईंना लोक दारातूनच परतवतात.

2027 च्या सिंहस्थाचं मॉडेल करू म्हणतायत पोरं. आमच्या समीकरणात प्रत्येकजण प्रत्येकाला सारखाच भेटतो. एरवी ही शुद्ध थाप, पण पर्वणीला रामकुंडावर जवळजवळ खरी ठरेल. बघू.

दिवाळीआधी ये, मिसळ खाऊ. आणि निघायच्या आधी तुझ्या त्या मनीप्लँटच्या बाटलीत काय वळवळतंय ते बघ.

तुझा,
बाळ्या