मार्फाचं कौतुक पुरे, खिळा कोण ठोकतो ते लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत मार्फावरचं पानभर कौतुक वाचलं. टेक्सासच्या वाळवंटातलं गाव, धड दोन हजार वस्ती नाही, आणि तिथे इतक्या गॅलऱ्या, जगभरातून येणारे आर्टिस्ट, रात्रीचं आभाळ, महागडी कॉफी, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, की मुंबईने यातून काहीतरी शिकावं. शिकतो की! गिरगावात वडिलांपासूनचं फ्रेमचं दुकान आहे माझं, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला काही ना काही शिकवूनच जातं.

आधी फोटोचं बोलतो. पानाच्या मधोमध तुम्ही प्राडा या महागड्या फॅशन ब्रँडच्या दुकानाचा फोटो छापलाय आणि खाली लिहिलंय 'मार्फामधील आलिशान शोरूम'. अहो, ते शोरूम नाही. एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट या जोडीने २००५ साली उभं केलेलं शिल्प आहे ते. आत प्राडाच्याच पर्सा आणि नुसते उजव्या पायाचे बूट मांडलेत, दार उघडतच नाही, विक्रीबिक्री काही नाही. आणि ते मार्फात पण नाहीये, हायवेवर बरंच पुढे व्हॅलेंटाईन नावाचं गाव आहे त्याच्याजवळ आहे. माझ्या मुलीने आर्किटेक्चर करताना मार्फावर प्रोजेक्ट केला होता, महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता, म्हणून मला हे माहीत. तुमच्याकडे कॅप्शन बघायला कोणी नसतं का?

असो. लेखात डोनाल्ड जड या अमेरिकन शिल्पकाराला तीन ओळी दिल्यात, त्याच पानावर वर एका हॉटेलला अर्धा कॉलम. हा माणूस १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या म्युझियमांना वैतागून तिकडे गेला, कारण तिथे काम चार दिवस लावायचं आणि मग उतरवून गोडाऊनमध्ये टाकायचं. त्याचं म्हणणं, एकदा नीट लावलंय ना, मग तिथेच राहू दे. लष्कराने सोडून दिलेल्या छावणीत तोफखान्याच्या दोन शेड होत्या, त्यांची गॅरेजसारखी दारं काढून त्याने मोठ्या चौकोनी काचा बसवल्या, सपाट छत गळायचं म्हणून त्याच्यावर पत्र्याचं अर्धगोल छत चढवलं आणि आत अॅल्युमिनियमचे १०० बॉक्स मांडले. बाहेरचं माप सगळ्यांचं एकच, ४१ बाय ५१ बाय ७२ इंच, आतली रचना प्रत्येकाची वेगळी. ज्याने आयुष्यभर चार कोपरे जुळवलेत त्याला विचारा यात काय आहे ते. पंचेचाळीस अंशांचा काप एका केसाने चुकला तरी चौथ्या कोपऱ्यात फट दिसते, इथे तर शंभर नग! मुलीने फोटो दाखवले तेव्हा मी आधी कडाच बघत बसलो होतो. त्यातलं एक अक्षर लेखात नाही, पण कॉफी कुठली प्यावी हे आहे.

आणि गावातल्या लोकांचं काय झालं तेही नाही. तिथे मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांची मातीच्या कच्च्या विटांची जुनी घरं आहेत. शहरी पैसेवाल्यांना तशीच घरं आवडायला लागली, भाव चढले, मग टॅक्सवाल्यांनी मातीच्या घरांचा वेगळा वर्ग करून त्यांची किंमत वाढवून धरली. म्हणजे आजोबांनी गरिबीत हाताने बांधलेलं घर नातवाला टॅक्समुळे परवडेना. हे आम्हाला नवीन नाही, आमच्या गल्लीत पागडीच्या दुकानदारांना विचारा. लोअर परळला गिरण्यांच्या जागी काय काय उभं राहिलं तेही सगळ्यांनी बघितलंय.

आता माझा मुद्दा, म्हणजे खरं तर राग. मागे दक्षिण मुंबईतल्या एका नावाजलेल्या गॅलरीचं (नाव लिहीत नाही, त्यांना कळेल) एका मोठ्या शोचं काम माझ्याकडे होतं. सागाची पट्टी, पॉलिश हाताने, माउंट बोर्ड (चित्राभोवतीचा पुठ्ठा) अॅसिड-फ्रीच पाहिजे म्हणून दोनदा बदलून घेतलं, सगळं केलं. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी फोन, एक फ्रेम वाकडी दिसतेय, ताबडतोब या. गेलो. पिशवीत लेव्हल, हातोडी, दोन जास्तीचे हुक. वॉचमन म्हणाला काका पुढून नाही, मागून, सर्व्हिस लिफ्टने. सर्व्हिस लिफ्ट बंद! चार मजले जिन्याने चढलो, गुडघ्यांची काय अवस्था आहे ते तुम्हाला सांगत बसत नाही. वर जाऊन बघतो तर फ्रेम सरळ, भिंतच उतरती. हुक एका बाजूला दोन सूत खाली घेऊन डोळ्याला सरळ दिसेल असं करून दिलं. तेवढ्यात पाहुणे यायला लागले आणि मॅनेजरबाई हळूच म्हणाल्या, अंकल, तुम्ही जरा लवकर निघाल का. आत माझ्या दुकानातून गेलेल्या सगळ्या फ्रेमा, वाइनचे ग्लास आणि मी जिन्यात. बिलाचे पैसे पुढच्या दिवाळीला आले, तेही 'डिस्काउंट' कापून, जो मी कधी दिलाच नव्हता. कॅटलॉगमध्ये लाइटवाल्याचं नाव, केटररचं नाव, फ्रेमवाल्याचं नाव नाही. तुमच्या वार्ताहराने पण त्या शोवर लिहिताना 'देखणी मांडणी' असं लिहिलं होतं, धन्यवाद.

लेखात म्हटलंय मुंबईत 'क्रिएटिव्ह कम्युनिटी' नाही. नाही कशी? जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर ऊन अंगावर घेत चित्रं लावून बसलेली मुलं मग कोण आहेत? आतली तारीख मिळायला वर्षंच्या वर्षं जातात, मिळाली की सात दिवस, आठव्या दिवशी टेम्पो. कितीतरी जणांची चित्रं माझ्याकडूनच फ्रेम होऊन गेली आणि आता पलंगाखाली उभी आहेत, मुलं विचारतात याचं काय करायचं. जडने चिडून जे केलं ते इथे कोणाच्या बापाला परवडणार, शेड कुठून आणायची! आणि जहांगीरमधलं समोवार कॅफे बंद झालं २०१५ला, तिथे निदान चहा घेऊन कोणी कोणाशी बोलायचं, फ्रेमवाल्याशीसुद्धा. तिथे मला मागच्या दाराने कोणी पाठवलं नाही.

मार्फाला जाऊ नका असं म्हणत नाही, तुमच्या प्रतिनिधीला कंपनीने पाठवलं असेल तर उत्तमच. पण पुढच्या वेळी शेड बघायला गेलात तर तिथल्या एखाद्या सुताराला, वेल्डरला पण भेटा.

जाता जाता अजून एक. तुमच्या पेपरात पूर्वी आतल्या पानावर 'आजची प्रदर्शने' अशी छोटी यादी यायची, गॅलरी, आर्टिस्टचं नाव, वेळ, बस. मी ती कापून दुकानात काचेला चिकटवायचो, गिऱ्हाईकं वाचायची, काही जण तिथूनच काळा घोड्याला जायची. ती तुम्ही न सांगता बंद केलीत. याबद्दल आधीही पत्र टाकलं होतं, छापलं नाहीत. जागा नाही असं कृपया कळवू नका, गेल्या आठवड्यात सलग चार दिवस पहिल्या पानावर बिल्डरची जाहिरात होती.

आपला,
एक फ्रेमवाला, गिरगाव