पंपाचं विचारणार नव्हतो

प्रिय सई,

काल तू फोन मधेच ठेवलास. मी दम्याचा पंप जवळ आहे का एवढंच विचारलं होतं. आई म्हणाली, तुम्ही दोघं बोललात की भांडता, त्यापेक्षा लिहा. म्हणून लिहितोय. पंपाचा विषय काढणार नाही.

कोलोनचं ते कॅथेड्रल डोळ्यांपुढून हलत नाही. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर समोर एकदम काळाकुट्ट डोंगर, १५७ मीटर! मान वर करताना माझी टोपी पडली, तू हसलीस. १२४८ साली काम सुरू, मग पैसे संपले, अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन सुमारे चारशे वर्षं तशीच उभी, आणि पुरं झालं १८८० मध्ये. आमच्या खात्यालासुद्धा एवढी मुदतवाढ कुणी दिली नसती. दर्शनी बाजूचा जुना नकाशा अर्धा डार्मश्टाटला सापडला, अर्धा पॅरिसला, आणि त्याबरहुकूम पुढचं काम केलं म्हणे. मला ऑफिसात मागच्या महिन्याची एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, सापडायची नाही.

तिकिटाच्या खिडकीशी तू भराभर जर्मन बोलत होतीस आणि मी पिशवी घेऊन मागे उभा. शाळेत तुला सोडायला यायचो तेव्हा उलटं असायचं.

५३३ पायऱ्या चढायला मी नको म्हणायला हवं होतं. घंटेपाशी तू थांबलीस. "बाबा, चोवीस टन... १९२३ ची..." मी घंटा बघितलीच नाही. तुझे खांदे बघत होतो, श्वासागणिक वर जाणारे. चार वर्षांची होतीस तेव्हा सज्जनगडावर असेच उडत होते. तुला खांद्यावर घेऊन चढलो, मागून आजी ओव्याची पुरचुंडी घेऊन. तू विचारलंस, "बाबा, गड का हलतोय?" धाप मला लागली होती गं.

खोलीतल्या खिडकीखाली बुरशी धरलीय, ती घरमालकाला दाखव. हीटरवर ओले कपडे वाळत घालू नकोस. बाहेर पडताना नाकावर मफलर. डॉक्टरची तारीख पुढे ढकलू नकोस, विमा कशासाठी भरतेस? आणि मनोरे चढायची हौस... झालं, सुरू झालो. माफ कर. तू तिथे एकटी सगळं निभावतेस, ते मी शेजारच्या काकांना रोज सांगतो. तुलाच सांगायचं राहतं.

आता खरं कारण. परवा आईने माझा कोट धुवायला काढला. आतल्या खिशात तुझा निळा पंप. घंटेपाशी दोनदा ओढून "धरा जरा" म्हणून तू माझ्या हाती दिला होतास. खाली उतरून आपण त्या रंगीत चौकोनांच्या खिडकीखाली बसलो, तुझ्या पांढऱ्या जॅकेटवर रंग पडले होते, मी बघत बसलो आणि द्यायचं विसरलो. साताऱ्यापर्यंत घेऊन आलो.

दुसरा घेतला असशीलच. तरी कळव.

बाबा


ता. क. आईने चकल्या केल्यात. पार्सलात पंपही ठेवतोय, रागावू नकोस.