पाण्याचा चमचा

प्रिय शुभे,

तुझे मेसेज पाहिले, मिस्ड कॉल पाहिला, तो सात मिनिटांचा व्हॉइस मेसेजही ऐकला ज्यात मधेच तू ऑटोवाल्याशी भांडून राहिली होती (तो भाग मी दोनदा ऐकला, हसून हसून बाळ जागी झाली), आणि उत्तर एकाचंही दिलं नाही. अडीच महिने. रागावली असशील तर तुझं बरोबरच आहे. आधी तब्येतीचं सांगून टाकते, बाळ बरी आहे, मी बरी आहे, टाक्यांचं दुखणं गेलं, केस गळतात, बस.

आता खरं कारण. परवा जे झालं ते मला दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. मम्मीला सांगितलं तर ती फोनवर रडत बसेल, आणि यांना काय सांगू, अर्धी गोष्ट तर यांचीच आहे.

शुभे, मी नाही म्हटलं. सासूबाईंना. तोंडावर.

तुला अमरावतीचा राजकमल चौक आठवते ना, गिलावड्याची प्लेट हातात घेऊन तू माझ्यावर ओरडली होती, की काकांनी पुण्याची नोकरी नको म्हटलं तर तू गप्प, हॉस्टेलवाल्या बाईंनी माझी शेगडी उचलून नेली तर तू गप्प, तुझ्या तोंडून एकदा तरी नाही ऐकायचं आहे मला. मी किती दिवस तुझ्याशी बोलली नव्हती. चार महिने ना? तेव्हा मला वाटायचं तू निर्दयी आहेस. आता सांगते, त्या दिवशी मला राग याचा आला होता की तू खरं बोलली होती.

तर बाळंतपणानंतर दीड महिना माहेरी काढून, एक लस तिथेच घेऊन मी एप्रिलच्या शेवटी इकडे आली. माहेरी होती तोवर आशाताई यायच्या, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, असं करत बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. वजन, ताप, नाळ, दूध कसं ओढते, सगळं बघायच्या. तुला आपली एमएसडब्ल्यूची, समाजकार्याच्या कोर्सची, टूर आठवते? बंगांच्या शोधग्रामला? गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात लेकरं तपासायची पद्धत डॉ. अभय बंग आणि राणीताईंनी गडचिरोलीत बसवली, त्याचा अभ्यास १९९९ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला, हे सगळं मी वहीत सुंदर अक्षरात लिहून घेतलं होतं, आणि तेव्हा वाटलं होतं हे दुसऱ्यांच्या घरांबद्दल आहे. माझ्या घरात, माझ्या लेकीबद्दल, हे मला एक दिवस कोणाशी भांडून सांगावं लागेल असं डोक्यातही नव्हतं.

इकडे आली आणि ऊन सुरू झालं. तुला पुण्यात बसून कळणार नाही, नवतपा, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू आहे, दुपारी अंगणातली बाज हात लावला तर चटका बसते. कूलर आहे पण लाइन जाते. आमचं गाव खारपाण पट्ट्यातलं, बोअरचं पाणी तोंडात घेववत नाही, प्यायचं पाणी कॅनचं. आणि सासूबाईंचं पहिल्या दिवसापासून एकच, "लेकराले पाणी काहून नाही देत वो?"

मी सांगितलं की सहा महिने फक्त आईचं दूध, दुधात ८७-८८ टक्के पाणीच असते, उन्हाळा असला तरी वरचं लागत नाही, फक्त जास्त वेळा पाजायचं. आणि एवढंसं पोट पाण्यानं भरलं की दूध कमी ओढते, दूध कमी ओढलं की माझं दूधही कमी होते, शिवाय जुलाबाची भीती. हे सगळं मी शांतपणे सांगितलं. त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, "हाव का?" आणि उठून जातात. मला वाटलं पटलं.

यांना सांगितलं, तुम्ही बोला. तर हे जाऊन म्हणाले, "आई, डॉक्टरनं नाही म्हटलं आहे." झालं यांचं काम. त्या वेळी मलाही ते बरं वाटलं गं, कोणाचं मन न दुखता गोष्ट मिटली म्हणून. आता कळते की तिथेच चुकलं. डॉक्टर काही आमच्या ओसरीवर बसून नव्हता. डॉक्टरच्या नावानं सांगितलेली गोष्ट डॉक्टरची पाठ फिरली की संपते. ते माझं सांगणं आहे, मी तिची आई आहे म्हणून सांगून राहिली, हे कोणी म्हटलंच नाही. मीही नाही.

दुसऱ्या लसीला गेलो, दहा आठवड्यांच्या. सिस्टरनं वजन केलं, कार्ड पाहिलं, परत वजन केलं. महिन्याला निदान पाचशे ग्रॅम तरी वाढायला पाहिजे, हिचं तीनशेही भरलं नव्हतं. मला विचारलं, वरचं काही देता का? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, थेंबभर नाही. लघवी किती वेळा करते? सहा-सात वेळा, जास्तच. मग पाजता कसं, किती वेळा, रात्री पाजता का, आणि मी तिथे बाकड्यावर बसून असं वाटून घेतलं की माझंच दूध पुरत नाही. आठ दिवस शुभे. आठ दिवस मी रात्री उठून रडली, शतावरी घेतली, हळिवाची खीर घेतली, मेथीचे लाडू या आगीत खाल्ले, आणि स्वतःला दोष दिला.

आणि मग परवा दुपारी डोळा लागला होता, लाइन गेली म्हणून उकाड्यानं जाग आली, आणि समोर सासूबाई, मांडीवर बाळ, हातात चांदीचं बोंडलं. यांच्याच लहानपणचं. पाणी उकळून, गार करून, त्यात खडीसाखर. रोजचं. मी आल्यापासून रोजचं, मी अंघोळीला गेली की, झोपली की.

मला काय झालं मला माहीत नाही. मी ओरडली नाही. बाळ उचलली, बोंडलं त्यांच्या हातून घेतलं, आणि म्हटलं, "आई, हिच्या तोंडात काय जाईल ते मी ठरवीन. डॉक्टर नाही, हे नाही, मी. मालिश तुमची, अंघोळ तुमची, अंगाई तुमची, पण तोंडात काही जाणार नाही, आणि माझ्या पाठीमागं तर नाहीच."

हात थरथर कापत होते. पण आवाज कापला नाही.

त्या काय म्हणाल्या सांगू? "गाडगेबाबांनं सांगतलं तहानलेल्याले पाणी द्या. तू आपल्याच लेकराले पाणी तोडून राहिली." बस. आता बघ, बाबा आपल्या अंजनगावकडचेच, शेंडगावचे, सासूबाई दर पौषात रविवारी ऋणमोचनच्या यात्रेला जाणाऱ्या, त्या घरात हे वाक्य म्हणजे काय असते ते तुला सांगायला नको. दारात आलेल्या भिकाऱ्याला आधी पाणी विचारणारी बाई आहे ती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. त्या जेवल्या नाहीत नीट. शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या, मग त्यांची सून येऊन बघून गेली, "लहान्या लेकराचं नरडं सुकते वो वहिनी" म्हणून. हे शेतात जाऊन बसायचे, मे महिन्यात शेतात काय आहे सांग मला, नुसती पऱ्हाटी उपटलेली ढेकळं. रात्री म्हणाले, "थोडं सांभाळून घे, तिचं मन दुखलं." मी म्हटलं, मी आठ दिवस रडली तेव्हा माझं दुखलं होतं, तेव्हा तुम्ही कुठं होता. मग तेही गप्प, मीही गप्प. यांच्यावरचा राग अजून गेला नाही, खोटं कशाला सांगू.

आणि काल रात्री. लाइन गेलेली, सगळ्यांच्या बाजा अंगणात, हे झोपलेले. मी पाजत होती. सासूबाई माझ्या बाजेच्या कडेला येऊन बसल्या. बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, "माही पहिली पोर वैशाखातच गेली."

मला माहीत होतं यांच्या आधी एक होती म्हणून. एवढंच माहीत होतं. या घरात तिचं नावही कोणी घेत नाही.

दोन महिन्यांची होती. हगवण लागली. सासूबाईंच्या सासूनं सांगितलं पोटाले आराम पाहिजे, काही देऊ नको, दूध नको, पाणीही नको. "म्या काही बोलली नाही. मोठ्या माणसापुढं बोलायचं कसं." दीड दिवस. टाळू खोल गेली, रडायची तर डोळ्यात पाणी येत नव्हतं, मग रडणंही थांबलं. बैलगाडीनं दर्यापूरला निघाले, अर्ध्या वाटेत संपली. "ओठ चाटत होती वो पोरी. मले वाटलं एक थेंब देऊ. सासू गाडीत होती."

शुभे, ती बाई इतकी वर्षं एक चमचा पाणी हातात घेऊन बसलेली आहे. मला तेव्हा कळलं.

मी काय करायला पाहिजे होतं सांग. कोणी म्हणेल, मग देऊ द्यायचा एक चमचा, काय बिघडते. माझ्याही मनात आलं. पण वजनाचं कार्ड उशाखालीच होतं. आणि दुसरं, आईंचं दुखणं खरं आहे, पण ते माझ्या लेकीच्या पोटात घालून बरं होणार नाही. मी त्यांना जवळ घेतलं, आम्ही दोघी रडलो, पण चमचा मी त्यांच्या हातात दिला नाही.

मी त्यांना सांगितलं की आई, तुमचं बरोबर होतं. तिला पाणी द्यायलाच पाहिजे होतं, दूधही द्यायला पाहिजे होतं, तेव्हा तुमच्या सासूचं चुकलं. हिला कधी जुलाब झालेच तर आपण दूध एकदाही बंद करणार नाही, उलट जास्त पाजू, ओआरएस पाजू, त्याच दिवशी दवाखान्यात नेऊ. कपाटातलं पाकीट काढून टॉर्चच्या उजेडात दाखवलं, एका लिटर पाण्यात एक पूर्ण पाकीट. तेव्हा हे असतं तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. नुसतं पाकीट हातात धरून बसल्या, उलटंसुलटं करत. मग विचारलं, "अन् आता? आता ते तहानत नाही?" मी म्हटलं, तहानते, पण तिचं पाणी माझ्यातून जाते. मी प्याली म्हणजे ती प्याली.

आज सकाळपासून काय चाललं आहे ऐक. मी बाळ घेतली की आई तांब्या घेऊन हजर. उभ्या राहतात. मी पूर्ण गिलास संपवेपर्यंत हलत नाहीत. दुपारपर्यंत नऊ गिलास झाले, माझं पोट डचमळून राहिलं, पण मी एकालाही नाही म्हटलं नाही.

सगळं मिटलं असं समजू नको. काजळ चालूच आहे, डोळ्यातलं बंद करून कपाळावरच्या टिक्यावर तडजोड केली. धुरीवरून पुन्हा एकदा होणार, या उन्हात बंद खोलीत शेणीचा धूर मी देऊ देणार नाही. नाकात तेल नको हे मालिशवालीलाच सांगितलं. शेजारच्या काकूंना आई काय सांगतील मला माहीत नाही. आणि आज सकाळी बाळ रडली तर त्यांचा हात सवयीनं बोंडल्याच्या फडताळाकडं गेला, मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं की मी पाहिलं. हात परत आला. असं किती दिवस बघत बसायचं गं? मला घरात पहारेकरी व्हायचं नाही. पण बाळ परत त्यांच्याजवळ सोडून अंघोळीला जाताना पोटात गोळा येतोच. हा विश्वास कसा परत येतो, तुला माहीत असेल तर सांग. तू तुझ्या वहिनीशी कसं केलं होतं?

एक कबूल केलं आहे मी. सहा महिने झाले की पहिला पाण्याचा घोट आईंच्या हातचा, त्याच बोंडल्यानं. पोळा होऊन जाईल तोवर, महालक्ष्म्यांच्या सुमारास. त्यांनी कालनिर्णयवर सप्टेंबरच्या पानावर पेनानं गोल केला आहे, मी दाखवायच्या आधीच.

तुझ्याबद्दल विचारायचंच राहिलं. तुझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? फ्लॅटचा हप्ता सुरू झाला का? आणि अकोल्याचं ते स्थळ, त्याचं पुढे काय झालं, तू व्हॉइस मेसेजमध्ये "सांगते नंतर" म्हणून ठेवून दिलं. मी विचारलं नाही म्हणून सांगणं थांबवू नको, सगळं लिही. रविवारी दुपारी फोन कर, हे मंडीत जातात तेव्हा. आणि सप्टेंबरात उष्टावणाला यायचंच आहे, रजा आत्ताच टाकून ठेव, नंतर तुझं काही ना काही निघते.

उठली बाई. आईंचा तांब्याही वाजला.

तुझी,
रुपा