सायक्लोन नुसत्या मजबुतीवर टिकला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या सायक्लोन रोलर कोस्टरचा लेख आवडला, पण जुनं लाकडी काम एवढं पक्कं की शंभरी आली तरी उभंच, हे काही पटलं नाही बुवा. एकतर तो पूर्ण लाकडी नाहीच, ट्रॅक लाकडाचा आहे पण खालचा सांगाडा स्टीलचा.

आणि मजबुतीचंच म्हणाल तर शेजारच्या दोघांचं काय झालं? 1925 ला थंडरबोल्ट आला, 1926 ला टॉर्नेडो आणि 26 जून 1927 ला सायक्लोन, म्हणजे लागोपाठ तीन वर्षं तीन कोस्टर, सगळे एकाच किनाऱ्यावर. टॉर्नेडो 1977 मध्ये आगीत गेला. थंडरबोल्टच्या खाली तर चक्क घर होतं, डोक्यावरून गाड्या धडधडत जायच्या आणि खाली माणसं राहायची (झोप कशी लागत असेल देव जाणे!), तो 1982 ला बंद पडला आणि 2000 मध्ये महापालिकेने धोकादायक म्हणून पाडला, नंतर कोर्टात ते पाडकाम चुकीचं ठरलं पण तोवर काय उपयोग.

सायक्लोनचीही तीच गत होणार होती. 1970 च्या दशकात तो शहराच्या ताब्यात होता, बाजूच्या मत्स्यालयाला वाढायला जागा हवी होती, म्हणून कोस्टर पाडायचं घाटत होतं. लोकांनी आरडाओरडा केला, मोहीम काढली, मग शेजारच्या अॅस्ट्रोलँड पार्कने तो भाड्याने घेतला, दुरुस्त केला आणि 1975 ला परत सुरू झाला. 1988 मध्ये शहराने आणि 1991 मध्ये देशाने वारसा म्हणून नोंद केली. हे सगळं लेखात एका ओळीतही नाही, उलट 85 फूट उंची आणि ताशी 60 मैल वेग दोनदा आलाय.

अजून एक राहिलं. याच जागेवर 1884 मध्ये थॉम्पसन नावाच्या माणसाची स्विचबॅक रेल्वे, म्हणजे सुरुवातीच्या काळातला रोलर कोस्टर होता, तिकीट 5 सेंट, वेग ताशी जेमतेम 6 मैल, म्हणजे आपली सायकल पुढे जाईल, तरी लोक रांगा लावायचे. सायक्लोनचं पहिलं तिकीट 25 सेंट होतं.

मुलगा जर्सीला असतो म्हणून आमचं तिकडे जाणं झालं, मी बसलो, बायको खालीच थांबली. थंडरबोल्टवर वेगळा लेख छापाल का? त्या खालच्या घराचा फोटो मिळाला तर नक्की टाका.

आपला,
एक वाचक, ठाणे