सुमे, मावशी मार्चमध्ये रिटायर होतायत

सुमे,

दिवाळीपासून फोन करीन करीन म्हणतेय, पण तुझ्याशी फोनवर धड बोलणं होतं कुठं, अर्ध्यात "थांब गं, बाळ उठलं" म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहितेय. बसून नीट वाच. माझी तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, ह्यांचा गुडघा आहे तसाच.

आपल्या अंगणवाडीच्या मदतनीस मावशींना मार्चअखेर ६५ पूर्ण होतात. गावात कुणाला त्याचं काही नाही, नवीन मदतनीस कोण लागणार याचीच चर्चा. पण तुला कळंल म्हणून तुलाच सांगते, परवा काय झालं. नोव्हेंबरात २१ तारखेला ते चार लेबर कोड, म्हणजे कामगारांचे नवे कायदे, लागू झाले ना, सगळीकडे एकच मेसेज फिरत होता, आता प्रत्येक कामगाराला किमान वेतनाचा हक्क. मावशींच्या नातवानं तो त्यांना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी खिचडीचं पातेलं घासता घासता मला विचारतात, "ताई, मला बी मिळंल का गं ते? जाता जाता का होईना?"

मी म्हणलं बघते. आणि खरंच बघितलं. आपल्या बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या, ग्रुपवर कुणीतरी आपल्या मानधनावरच्या लोकसभेतल्या उत्तराची पीडीएफ टाकली होती, ती रात्री बसून वाचली. उत्तर तेच गं, आपण २०२३ च्या संपाच्या आधी वाचलेलं. सेविका-मदतनीस या मानद कार्यकर्त्या, गावातून स्वतः पुढं येऊन अर्धवेळ सेवा देतात, त्यांना मानधन मिळतं, ते ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला ४५०० आणि मदतनीसला २२५०. कोणी खासदार कुठल्याही पक्षाचा असू दे, कितीही कळवळून विचारू दे, उत्तराचा कागद तोच. आणि त्या २२५० मधले सुद्धा ६० टक्केच दिल्लीचे. मी हिशोब केला, १३५०. म्हणजे दिवसाला ४५ रुपये. बाकीचं राज्य घालतं म्हणून मावशींना आज साडेसात हजार तरी मिळतात, ते पण ऑक्टोबर २०२४ ला वाढले म्हणून, त्याआधी ५५००. सुमे, ५५०० भागिले ३० कर. १८३. खुरपायला गेलेली बाई त्यापेक्षा जास्त घेऊन घरी येते आणि दुपारी जेवणाची सुट्टी पण घेते.

अर्धवेळ हे वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. परवाचंच सांगते. टीएचआर, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची पाकिटं, वाटायचा होता. जुलैपासून चेहऱ्याचा फोटो जुळल्याशिवाय पाकीट द्यायचं नाही. वस्तीवरची एक आई, आठ महिन्यांचं पोर कडेवर, तिचा मोबाईल नंबर म्हणजे नवऱ्याचा नंबर, आणि नवरा कर्नाटकात ऊसतोडीला. ओटीपी तिकडं जाणार. तिनं शेजारणीच्या फोनवरून त्याला फोन लावला, तो फडात, उचलला चौथ्यांदा, आकडे सांगेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. परत पाठवला. परत रेंज गेली. मी आणि मावशी त्या बाईला घेऊन शाळेच्या मागच्या टेकाडावर चढलो, मावशींनी पोर घेतलं, मी फोन वर धरून उभी. फोटो जुळला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते आणि अजून निम्मी यादी बाकी. मग वजनं, मग सॅममधल्या, म्हणजे अतिकुपोषित, लेकराच्या घरी भेट, मग रात्री घरी बसून ॲप भरायचं. लाडक्या बहिणीचे फॉर्म आपणच भरले, मतदार यादीला आपण, लसीकरणाला आपण. सांग, ह्यातलं अर्धं कुठलं?

आणि हे मी एकटी म्हणत नाहीये. सुप्रीम कोर्टानंच म्हणलंय, २५ एप्रिल २०२२ ला, गुजरातच्या बायकांच्या केसमध्ये. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी. तुला आठवतंय, तू पेढे आणले होतेस बीट मीटिंगला आणि सुपरवायझर मॅडमनी पण गुपचूप खाल्ले होते, दोन. ओकसाहेबांनी स्पष्ट लिहिलंय की हे काम अर्धवेळ आहे हे मान्यच करता येत नाही, पूर्णवेळ आहे, आणि सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी सेवेची रक्कम, लागू होते. देशाचं सर्वात मोठं कोर्ट पूर्णवेळ म्हणतं आणि त्याच देशाच्या संसदेत उत्तर येतं अर्धवेळ. हे चालतं कसं? कोणी उठून विचारत कसं नाही की दोन्हीपैकी खरं काय? मला तिथं पाच मिनिटं उभं राहू दिलं ना, तर मी एवढंच विचारीन.

तू म्हणशील, विचारलंय की. हो, विचारलंय. भारतीय श्रम परिषदेनं तर २०१३ मध्येच शिफारस केली होती, सरकार, मालक, युनियन सगळे एकत्र बसून, की योजनेत काम करणाऱ्यांना कामगार धरा, किमान वेतन द्या, पेन्शन द्या. २०१५ ला परत तेच म्हणलं. त्यानंतर परिषद भरलीच नाही. आणि कोड जेव्हा पास झाले तेव्हा आपण कुठं होतो? सप्टेंबर २०२०. वेतनाचा कोड आधीच २०१९ ला झाला होता, उरलेले तीन लोकसभेत २२ ला आणि राज्यसभेत २३ ला पास, विरोधी बाकं रिकामी, चर्चा कसली होणार. त्याच आठवड्यात तू आणि मी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरत होतो, एका घरानं आपल्याला फाटकातच थांबवलं, आठवतंय? ज्यांच्या नावानं कायदा होत होता त्या बायका उन्हात लोकांची बोटं धरून ऑक्सिजन मोजत होत्या. मला याचा राग आहे आणि तो जाणार नाही.

दर १४ एप्रिलला तू भाषणात सांगायचीस ना, बाबासाहेबांनी मजूर मंत्री असताना १९४६ ला किमान वेतनाचं बिल मांडलं. आता तुझ्याशिवाय ते भाषण कोणी करत नाही, ग्रामपंचायत नुसता डीजे लावते. तुझा आवाज डीजेपेक्षा मोठा होता हे मात्र सगळे मान्य करतात.

संपाचं पण बोलून घेते, नाहीतर आत राहील. ४ डिसेंबरला सुरू झाला, आपण लातूर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दाराशी बसून आझाद मैदानावर गेलो, आणि परत आल्यावर नोटीस आली तशी तू अंगणवाडीची किल्ली देऊन टाकलीस. लेकरांचा आहार बंद पडतो म्हणालीस. मी दिली नाही. महिनाभर तू माझ्याशी बोलली नाहीस, मी पण नाही. मला आजही वाटतं की किल्ली द्यायला नको होती, सगळ्याजणी थोड्या अजून टिकल्या असत्या तर पेन्शनचं लेखी मिळालं असतं. तुला तसं वाटत नाही, माहितीये. भांड पुन्हा कधीतरी, समोर बसून. पण एक बघ, मावशींनी तेव्हा किल्ली दिली नव्हती, आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी घरातली शेळी विकली. कुणाला सांगितलं नाही, मला नातवाकडून कळलं.

आता कामाचं. मावशींना सरकार जाताना एकरकमी ७५ हजार देतं, बास. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटीचा हिशोब मी मांडला, वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. साडेसात हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले ३० वर्षं. एक लाख २९ हजार ८०० च्या वर जातं. फार मोठी रक्कम नाही गं, तुझ्या पुण्यात एका लग्नाच्या मंडपाला जात असेल. पण मावशींना त्यात घराचं पत्र्याचं छत बदलता येईल आणि डोळ्याचं ऑपरेशन उधारीशिवाय होईल. गुजरातच्या हायकोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये मदतनीसला महिना २०,३०० किमान द्या म्हणून सांगितलं. मावशींना हे मी अजून सांगितलेलं नाही, आकडा ऐकून त्यांना बरं वाटायच्या ऐवजी त्रासच होईल.

युनियनच्या वकिलीणबाई म्हणतात अर्ज करू, पण पहिल्या नेमणुकीचा कागद पाहिजे. मावशींकडं नाही, पेटीत वाळवी लागली तेव्हा गेला. कार्यालयात विचारलं तर म्हणे जुनं रेकॉर्ड मिळत नाही. पण सुमे, २०१८ ला मेस्मा, तो संपबंदीचा कायदा, लावला होता तेव्हा तू सगळ्यांच्या ऑर्डरी झेरॉक्स करून फायलीत लावल्या होत्यास, आपल्याला काढून टाकलं तर पुरावा असावा म्हणून. ती निळी फाईल. ती तू पुण्याला नेलीस की इथं माळ्यावर आहे? नेली असशील तर मावशींची ऑर्डर आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, दोन्हीचे फोटो काढून पाठव, सावली न पाडता, सही-शिक्का दिसला पाहिजे. इथं असेल तर तुझ्या घराची किल्ली कोणाकडं आहे ते सांग.

नात कशी आहे? बारशाला यायला जमलं नाही, टीएचआरचा आठवडा होता. नाव छान ठेवलंय. सुनेला म्हणावं मेथीचे लाडू संपले तर कळव. तू पाळणाघरात कामाला जाऊ नकोस एवढ्या लांब, जवळचं बघ, नाहीतर निदान पगाराचं आधी लिहून घे.

फाईलचं या आठवड्यात बघ. वकिलीणबाई पुढच्या सोमवारी सोलापूरला जाणार आहेत.

तुझी,
ताई