कोयनेच्या पाण्यामागं दाभोळपर्यंत

सातारा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, पावसाळ्यात पेपर हातात आला की तुम्ही आधी कोयनेचा आकडा बघता. धरण १०५ टीएमसीच्या जवळ गेलं की तुमचा जीव भांड्यात पडतो. दरवाज्यांतून सुटलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, ते आपण लहानपणापासून बघत आलो. पण विजेसाठी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडं पोफळीला नेलेलं पाणी पुढं जातं कुठं, ते या खेपेला मी पाहिलं. ते वाशिष्ठीत उतरतं, चिपळूणवरून वाहत जातं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. तिथं उभी असताना तुम्ही शेजारी हवे होतात असं फार वाटलं.

म्हणून हे पत्र. या हिवाळ्यात तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर यायचंच.

चिपळूणजवळ खाडीत होडीतून फिरवतात. ओहोटी असताना जायचं, कारण तेव्हाच चिखलाच्या काठावर मगरी उन्हाला येऊन पडतात. होडीवाला इंजिन बंद करतो आणि मग तिवरांतल्या पाखरांचा आवाज तेवढा ऐकू येतो. एक खंड्या आमच्या अगदी पुढ्यातून सूर मारून मासा घेऊन गेला. बाबा, हे पाणी कुठून आलंय हे ठाऊक असलेला माणूस त्या होडीत बसला पाहिजे.

आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार मी केलाय. धोपाव्याहून दाभोळला जाताना गाडी सरळ फेरीबोटीवर चढते, खाली उतरावंही लागत नाही. खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा गोपाळगड आहे. मुक्काम गुहागरला करू. शनिवार-रविवार टाळला तर तो लांबलचक किनारा जवळजवळ मोकळाच असतो. सुरूच्या सावलीत तुला खुर्ची टाकून देईन. व्याडेश्वराचं देऊळ जवळच आहे. बाबा माळकरी, त्यांच्या जेवणाची काळजी नको, शाकाहारी घरगुती खानावळी आहेत.

माझं मन मात्र बुधलला अडकलंय. डोंगराच्या कुशीतला इवलासा किनारा, वर देवीचं देऊळ, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. ना गाडे, ना गोंगाट. एक सकाळ तिथंच काढू. पाण्यात घोट्यापर्यंतच उतरायचं, अनोळखी समुद्र आहे. हेदवीला बामणघळीत भरतीच्या वेळी लाट कशी उसळते तेही दाखवीन, पण खडकांपासून लांब उभं राहूनच.

कराडहून चिपळूण साधारण शंभर किलोमीटर. कुंभार्ली घाटात वळणं बरीच, म्हणून सकाळी हलकं खाऊन निघू. आईची गाडी लागण्याची गोळी मी घेते. ज्वारीची पेरणी उरकली की बाबांना सवड होईल ना? भाऊबीजेला येते तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळा बघून तारीख नक्की करू. तोवर शेजारच्या काकूंना गुरांचं विचारून ठेवा.

तुमची,
ताई