सुतारकाका, त्या लोहचुंबकासाठी

सुतारकाका,

निघताना तुम्ही पाणीसुद्धा उभ्याउभ्याच प्यायलात आणि "जपा त्याला" एवढंच म्हणून गेलात. माझा घसा दाटून आला होता, धड आभारही मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. ज्यांनी याआधी आम्हाला वाऱ्यावर सोडलं त्यांनीही ते वाचावं.

ज्याच्याकडून दगडू, माझं कासव, घेतला त्याने सोबत काचेची पेटी गळ्यात मारली. खिडकीत ठेवा, ऊन मिळेल, म्हणाला. काचेतून ऊब येते, पण ज्या अतिनील किरणांमुळे कासवाच्या अंगात ड३ जीवनसत्त्व तयार होतं, ते काचेतच अडतात. आणि ड३ नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. हे मला प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोवर दगडूच्या कवचाची कड बोटाखाली किंचित दबायला लागली होती. तो मऊपणा अजून बोटाला आठवतो.

मग उघड्यावर जागा करायची ठरली. तेव्हा आलेल्या माणसाने चार खुंट्या रोवून कोंबड्यांची जाळी ठोकून दिली. "कासवच आहे, पळून जाणार कुठे?" म्हणाला. जाळीतून पलीकडचं दिसतं, म्हणून दगडू दिवसभर तिला टकरा देत राहिला, नाकाचा शेंडा सोलवटून घेतला. आणि एका दुपारी कोपऱ्यात जाळीच्या भोकांत नखं अडकवून वर चढला, तो उताणा पडला. रणरणत्या उन्हात उताण्या कासवाला सावलीकडे सरकताही येत नाही, अंग तापतच जातं. मी पोचले तेव्हा त्याचे पाय अगदी हळू हलत होते. त्या माणसाने नंतर माझा फोन उचलला नाही.

तुम्ही आलात आणि पहिल्यांदा सांगितलंत की कासवाचं घर कधी केलेलं नाही. त्या एका वाक्यानेच माझा जीव भांड्यात पडला. मग विचारलंत, हा खणतो का? चढतो का? किती वर्षं जगतो? हर्मन जातीचं कासव नीट सांभाळलं तर 50 वर्षं सहज काढतं, म्हटल्यावर तुम्ही आणलेल्या फळ्यांतल्या दोन बाजूला काढल्यात. म्हणालात, "या नाही टिकणार." कामाचं मी काय सांगू? आरपार न दिसणाऱ्या फळ्या, जमिनीखालीही हातभर गेलेल्या, कोपऱ्यांवर आडव्या पट्ट्या, रात्री उंदीर येऊ नयेत म्हणून जाळीचं झाकण, पाण्याला उतार. कण्हेर विषारी असते म्हणून आत झुकलेली तिची फांदीही तुम्हीच छाटलीत आणि एकेक पान वेचून बाहेर नेलंत.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. काम संपलं होतं, ऊन उतरलं होतं, हत्यारं पिशवीत गेली होती. मी दगडूला आत सोडायला निघाले तेव्हा तुम्ही हात आडवा केलात. पिशवीतून जुन्या स्पीकरमधलं काळं, वाटोळं लोहचुंबक काढलंत, त्याला सुतळी बांधलीत आणि गुडघे टेकून ते मातीवरून फिरवायला लागलात. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा आडवं, पुन्हा कडेकडेने. कुणी सांगितलं नव्हतं. कासव चकाकणारं काहीही तोंडात घेतं, खिळा गिळला तर आतडं फाटू शकतं, हे मला ठाऊक होतं, पण तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. तुम्ही नुसतं त्याला माझ्या बोटाजवळचं पान ओढताना पाहिलं होतंत. अंधार पडेपर्यंत चुंबकाला तीन चुका (बारीक खिळे), वाकलेला एक खिळा आणि नखाएवढा तारेचा तुकडा लागला. ते सगळं तळहातावर मोजलंत, खिशात टाकलंत आणि मगच म्हणालात, "आता सोडा."

त्या अर्ध्या तासाचे तुम्ही पैसे धरले नाहीत. मी विचारलं तर तुम्हाला प्रश्नच कळला नाही. माणसं वाईट नसतात, काका, पण "एवढं कोण बघतंय" म्हणून हात झटकणारी इतकी भेटतात, की कुणी आपणहून गुडघे टेकले की रडू येतं.

दगडू बरा आहे. सकाळी फळीला पाठ लावून ऊन खातो, दुपारी निवाऱ्यात शिरतो, संध्याकाळी जास्वंदीची पडलेली फुलं शोधत फिरतो. नाकावरची खपली गेली. कवचाची कड आता दबत नाही.

चुंबक तुम्ही इथेच ठेवून गेलात. आत काही दुरुस्ती केली की मी ते फिरवते, तुमच्यासारखंच, आधी उभं मग आडवं. परवा झाकणाची बिजागरी घट्ट केली, सगळं नीट उचललंय अशी खात्री होती, आणि चुंबकाला एक स्क्रू चिकटून वर आला. तो मी तुमच्यासाठी जपून ठेवलाय. इकडे आलात की दाखवीन.

तुमची ऋणी,
दगडूला सांभाळणारी